गालिबोरेची नोंदवही

(दृश्य : कड्यावरून दिसणारे कावेरीचे वळण. खाली धोंड्यांमधून विभागत गेलेले पाणी.)

शिवनसमुद्राच्या धबधब्यांवरून खाली उतरलेली कावेरी तमिळनाडूतील होगेनक्कलला पोहोचेपर्यंत डोंगरांमधल्या अरुंद घळीतून वाहते. या घळीत रस्ते थोडे आहेत आणि वस्त्या त्याहून थोड्या. भीमेश्वरी, गालिबोरे, संगम आणि मेकेदाटू ही या पट्ट्यातील ठिकाणे बेंगळुरूपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर आहेत, पण शेवटचा टप्पा जंगलातल्या कच्च्या वाटेने पार करावा लागतो. सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टची सवय असलेल्या डोळ्यांना इथला खडक परका वाटतो. ग्रॅनाइट आणि नाइसचे पाण्याने गुळगुळीत झालेले प्रचंड धोंडे पात्रभर पसरले आहेत आणि त्यांच्यामधून नदी कुठे फेसाळत, तर कुठे तळ न दिसणाऱ्या डोहात विसावत पुढे जाते. महसीर या माशाला खळाळ आणि डोह अशी दोन्ही पाणी एकमेकांना लागून हवी असतात, म्हणून त्याच्या शोधात निघालेले लोक पिढ्यानपिढ्या इथवर येत राहिले.

ही दृश्ये 2011 च्या मार्चमधील आहेत. त्या वेळी गालिबोरेच्या तळावर परवाना घेऊन गळाने मासा पकडण्याची आणि पकडलेला मासा तिथेच सोडून देण्याची मुभा होती. आता ती नाही, त्यामुळे पडद्यावर जे दिसेल त्याचे अनुकरण कोणी करू नये.

(दृश्य : काठावर पालथी घातलेली गोल होडी. एक माणूस तिच्या तळाला डांबर लावतो आहे.)

कन्नड भाषक या होडीला हरिगोलू म्हणतात. बांबूच्या कामट्या विणून गोल सांगाडा करायचा, त्यावर पूर्वी कातडे आणि आता जाड प्लॅस्टिकचे कापड ताणून बसवायचे, आणि वरून डांबराचा हात फिरवायचा, एवढीच तिची घडण असते. तिला पुढची बाजू नसते नि मागची नसते, आणि वल्हे एकच असते. नवख्या माणसाच्या हातात ती जागच्या जागी गरगरत राहते. या वाटाड्याच्या हातात मात्र ती दोन धोंड्यांमधल्या हातभर फटीतून सरळ पलीकडे निघते, ते आपण थोड्या वेळाने पाहूच. इथले अनेक वाटाडे पूर्वी याच नदीत चोरून मासे मारत असत. खाणींसाठी आणलेल्या जिलेटिनच्या कांड्या डोहात फेकल्या की लहानमोठे सगळे मासे एकदमच पाण्यावर येतात, आणि अशा एका स्फोटात त्या डोहाचे कित्येक हंगाम संपतात. 1972 मध्ये स्थापन झालेल्या ‘वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया’ने कावेरीचा काही पट्टा भाड्याने घेऊन तिथे पहारा बसवला, आणि पुढे कर्नाटक सरकारच्या ‘जंगल लॉजेस’ने भीमेश्वरी, दोड्डमकळी आणि गालिबोरे येथे तळ उभारले. कोणत्या डोहात मासा कुठे बसतो हे चोरून मासे मारणाऱ्यांनाच सर्वांत नीट ठाऊक होते, म्हणून पगारी वाटाडे म्हणून त्यांचीच निवड झाली, आणि ती अतिशय शहाणपणाची होती असे आमचे मत आहे.

(दृश्य : चुलीवरचे पातेले. नाचणीच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात सोडले जातात.)

आमिष नाचणीचे असते. पीठ गरम पाण्यात मळायचे, भाकरीच्या पिठापेक्षा बरेच घट्ट ठेवायचे, आणि त्यात प्रत्येक वाटाड्याचा स्वतःचा, कोणालाही न सांगितला जाणारा मसाला घालायचा. मग लिंबापासून मोसंबीपर्यंत हव्या त्या आकाराचे गोळे वळून ते पाण्यात उकळायचे. नीट शिजलेल्या गोळ्यावर रबरासारखी चिवट साल येते आणि सगळी कारागिरी या सालीतच असते. साल कच्ची राहिली, तर प्रवाहात गोळा विरघळतो किंवा तळाचे चिल्लर मासे तो चार चाव्यांत फस्त करतात. फार कडक झाली, तर मासा गोळा तोंडात घेऊनही गळ त्याच्या ओठात रुतत नाही. महसीर हा निव्वळ शिकारी मासा नाही. काठावरच्या झाडांची पडलेली फळे, खेकडे, शिंपले, लहान मासे असे सगळे तो खातो. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि त्यांनी तो खेकड्याचे कवचही सहज फोडतो. माणसाच्या बोटांची जी दशा त्या घशात होईल, ती ओळखून वाटाडे गळ काढताना हात फार खोल घालत नाहीत.

(दृश्य : खडकावर उभा असलेला गळकरी. तंगूस (गळाची दोरी) बोटांवर धरलेली. मागे अर्जुनाचे झाड, त्यावर मोठी करडी खार.)

पुण्याहून आलेल्या आमच्या दोन सोबत्यांपैकी हा धाकटा. त्याने गळाच्या वर हातभर अंतरावर तंगुसाला शिशाची तार गुंडाळली आहे. इथे तयार वजने वापरत नाहीत, कारण खडकांच्या कपारींत ती अडकतात आणि तंगूस तुटते. गुंडाळलेली तार अडकली, तर ओढताच निसटून जाते आणि बाकी सगळे परत हाती येते. तरीही दिवसातून अनेकदा गळ अडकतोच, आणि मग वाटाड्याला होडी घेऊन पलीकडच्या बाजूने तो सोडवून आणावा लागतो. वरच्या शिवनसमुद्राला 1902 पासून वीजकेंद्र चालते. तिथून सोडलेल्या पाण्याबरोबर नदीची पातळी दिवसभर खालीवर होत राहते, म्हणून सकाळी पाय ठेवून उभे राहिलेला खडक दुपारी पाण्याखाली असू शकतो. पाणी चढू लागले की महसीर खायला बाहेर पडतो असे वाटाडे सांगतात, आणि आमचा अनुभवही तसाच आहे.

तंगूस बोटांवर धरण्याचे कारण असे की चिल्लर मासे गोळ्याला टोचे मारतात, तेव्हा बोटांना बारीक थरथर जाणवते. त्या थरथरीकडे दुर्लक्ष करायचे असते. महसीर आला की थरथर थांबते, काही क्षण काहीच घडत नाही, आणि मग जे घडते त्यासाठी निवेदनाची गरज नाही.

(दृश्य : काठी एकदम वाकते. रिळाचा आवाज. या भागात निवेदन नाही. दोन मिनिटे.)

पहिल्या धावेत या माशाने शंभर मीटरहून अधिक तंगूस नेली आणि तो खालच्या खळाळात उतरला. काठावरून तिथे पोहोचायला वाट नसल्यामुळे वाटाड्याने गळकऱ्याला होडीत घेतले. इथून पुढे चित्रण हलते आहे, कारण कॅमेराही दुसऱ्या होडीत आहे. डाव्या बाजूच्या खडकावर जी मगर दिसते, तिने आमच्याकडे लक्ष दिले नाही.

(दृश्य : उथळ पाण्यात धरलेला मासा. जवळून खवले, जाड ओठ, चार मिशा, निळसर करडे पर.)

वजन सुमारे बारा किलो. मासा पाण्याबाहेर काढलेला नाही. वाटाडा त्याचे डोके प्रवाहाच्या उलट, वरच्या दिशेला धरून कल्ल्यांतून पाणी जाऊ देतो आहे, आणि हे तो घाई न करता करतो, कारण दमलेला मासा लगेच सोडला तर प्रवाहात उलटा होऊन बुडतो. शेपटीने स्वतः ओढ घेतली की हात सैल करायचा. परांचा रंग मात्र पुन्हा पाहावा. तो निळसर आहे, आणि या घळीत येणाऱ्या माणसाने पाहू इच्छिलेला मासा हा नव्हे.

हा मासा आपल्याकडचा आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांवरील आपल्या निबंधात 1839 साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, आणि त्यासाठी वापरलेला नमुना पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला होता. धरणे, जाळी आणि सुरुंग यांमुळे विसाव्या शतकात तो महाराष्ट्राच्या नद्यांतून कमी होऊ लागला, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथे त्या काळच्या टाटा इलेक्ट्रिक कंपन्यांनी त्याचे कृत्रिम प्रजनन सुरू केले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले ही त्या कामाशी जोडलेली नावे. पावसाळ्यात तलावांना मिळणाऱ्या ओढ्यांकडे मासे अंडी घालायला निघतात. तेव्हा पक्व नर-माद्या पकडून मादीचे पोट हलक्या हाताने दाबत अंडी भांड्यात घ्यायची, त्यांवर नराचे वीर्य सोडायचे, आणि फलित अंडी वाहत्या पाण्यातल्या तबकांत पसरून ठेवायची, अशी ही पद्धत. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. मग पिल्ले बोटाएवढी होईपर्यंत सांभाळावी लागतात. असे मोठ्या संख्येने महसीर वाढवणे त्या काळी देशात कोणाला साधले नव्हते, आणि वळवणच्या बोटुकल्यांना राज्याराज्यांतून मागणी येऊ लागली. 1970 च्या दशकात ती कावेरीतही सोडण्यात आली.

(दृश्य : तळावरच्या गोलघराची भिंत. चौकटींत लावलेली जुनी छायाचित्रे.)

पाहायचा मासा तो हा. कावेरी आणि तिच्या उपनद्यांखेरीज तो जगात कुठेही नाही. डोक्यामागून उसळलेला कुबड, केशरी शेपटी आणि ज्या माणसांनी तो धरला आहे त्यांचे वाकलेले खांदे पाहावेत. 1946 मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणाऱ्या घराण्यातील एकाने काबिनी या कावेरीच्या उपनदीत पकडलेल्या माशाचे वजन 120 पौंड, म्हणजे सुमारे 54 किलो भरले होते. स्वातंत्र्यानंतर हा मासा संपला असे धरले जात होते. 1977-78 मध्ये इंग्लंडहून आलेल्या तीन तरुणांनी तो पुन्हा शोधून काढला, आणि त्यानंतर जगभरचे गळकरी या घळीत येऊ लागले.

(दृश्य : उघडलेली नोंदवही. बोट एका ओळीवरून फिरते.)

आमच्या मते या चित्रफितीतील सर्वांत मोलाची वस्तू ही आहे. गालिबोरेला आलेल्या प्रत्येकाने किती तास गळ टाकला, किती मासे लागले, कोणत्या जातीचे आणि किती वजनाचे, हे इथे लिहिले जात असे. 1998 ते 2012 या काळातील 23,620 तासांची आणि 6,161 माशांची नोंद झाली, आणि त्यांत अर्ध्या किलोच्या पिल्लांपासून जवळपास 47 किलोच्या माशापर्यंत सगळे आहेत. शास्त्रीय हेतूने हे कोणी लिहिले नव्हते. गळकऱ्याला आपला मासा लिहून ठेवण्याची हौस असते, आणि त्या हौसेतून जे जमले त्याच्या तोडीची माहिती भारतातल्या दुसऱ्या कुठल्या नदीच्या महसीरांबद्दल सहसा मिळत नाही. बोर्नमथ विद्यापीठाचे एड्रियन पिंडर आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी या नोंदींचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध केला. निळसर परांचे मासे वर्षागणिक वाढत गेले होते. कुबड असलेले केशरी मासे कमी होत गेले होते, आणि जे लागत होते त्यांचे सरासरी वजन वाढत होते. मोठे मासे भेटतात म्हणून गळकरी खूश होते. पण वजन वाढले याचा अर्थ एवढाच की लहान मासे मागून येत नव्हते. एका नदीतला मासा वाचवण्याची पद्धत दुसऱ्या नदीतल्या माशाच्या मुळावर आली, आणि हे ज्यांच्या नोंदींमुळे कळले ते लोक मासे पकडणारे होते.

1987 पासून हा भाग कावेरी वन्यजीव अभयारण्यात येतो, आणि वन्यजीव कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला पकडणेही बसते, म्हणून 2012 मध्ये इथली गळाची मासेमारी बंद झाली. तळ निसर्ग पर्यटनासाठी चालू राहिले. वही बंद पडली, आणि पट्ट्यावरची गळकऱ्यांची रोजची नजरही उठली.

(दृश्य : सूर्यास्तापूर्वी पलीकडच्या काठावर पाण्यात उतरलेले हत्ती.)

कुबडाच्या माशाला इतकी वर्षे पक्के शास्त्रीय नावही नव्हते. 2018 मध्ये पिंडर, कोचीचे राजीव राघवन, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतील नीलेश डहाणूकर आणि इतरांनी कावेरीच्या खोऱ्यातल्या मोयार नदीतील नमुन्यांच्या आधारे तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे दाखवून दिले. त्याच खोऱ्यातल्या, केरळातील पांबार नदीच्या लहान माशांवरून त्याआधीच त्या नावाने वर्णन झाले होते, पण ती पिल्ले याच राक्षसाची आहेत हे तेव्हा लक्षात आले नव्हते. 2018 मध्येच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली. मोयारची घळ कावेरीच्या घळीहून दुर्गम आहे आणि व्याघ्र प्रकल्पांच्या हद्दींत येते. तिथले चित्रण आमच्याकडे नाही.

कर्नाटक सरकारचा मेकेदाटूपाशी सुमारे 67 टीएमसी क्षमतेचे धरण बांधण्याचा प्रस्ताव आहे. त्यात सुमारे 5000 हेक्टर क्षेत्र पाण्याखाली जाईल, आणि संगमपासून वरचा वाहता पट्टा जलाशयात जाईल. परवानाधारक गळकऱ्यांना पकडून सोडण्याच्या अटीवर पुन्हा येऊ द्यावे आणि त्यांच्याकडून वही सक्तीने भरून घ्यावी, असे हौशी मासेमारांचे आणि काही मत्स्यशास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. आमचेही तेच म्हणणे आहे.