तक्त्यावरची नजर, रस्त्यावरची नजर

श्रोतेहो, नमस्कार.

वाहन चालवण्याचा परवाना काढताना जो नमुना १ भरून द्यावा लागतो, त्यात आपल्या प्रकृतीविषयी काही प्रश्न विचारलेले असतात. चांगल्या दिवसाउजेडी २५ मीटर अंतरावरून मोटारीची नंबर प्लेट ओळखता येते का, असा त्यांतला एक प्रश्न. आणि तुम्हाला रातांधळेपणा आहे का, असा दुसरा. पहिल्यापुढे ‘होय’ आणि दुसऱ्यापुढे ‘नाही’ असे लिहून आपण सही करतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. डोळ्यांचा डॉक्टर म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत मात्र असे कितीतरी लोक असतात, ज्यांची ही दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि तरीही रात्री समोरून गाडी आली की ज्यांना रस्ता दिसेनासा होतो. आज बोलायचे आहे ते त्यांच्याविषयी.

दोन महिन्यांपूर्वी भाजीचा टेम्पो चालवणारे एक गृहस्थ आले होते. वय ५२. संध्याकाळी माल भरायचा, रात्री घाट उतरायचा आणि पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात पोचायचे, हा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता. तक्रार त्यांनी स्वतः सांगितलीच नाही. गाडीवर सोबत जाणाऱ्या मुलाने सांगितली. “समोरनं लाइट आली की आप्पा गाडी पार कडेला घेत्यात, डॉक्टर. मागचे हॉर्न मारून मारून दमतात.” आप्पा गप्प होते. तक्ता वाचायला लावला, तर शेवटून दुसरी ओळ त्यांनी न अडखळता वाचली आणि मुलाकडे असे पाहिले, की बघ, मी म्हणत होतो ना. मग मी एक लहान बॅटरी त्यांच्या डोळ्याच्या बाजूला, जरा तिरकी धरली आणि तोच तक्ता पुन्हा वाचायला सांगितला. शेवटून दुसरी ओळ गेली, तिच्या वरची गेली, आणि वरून तिसऱ्या ओळीवर येऊन ते थांबले. “असंच हुतंय,” ते हळूच म्हणाले.

दवाखान्यातला तो तक्ता १८६२ साली नेदरलँड्समधल्या हर्मन स्नेलन या नेत्रवैद्यांनी तयार केला, आणि आज दीडशेहून अधिक वर्षांनीही जगभर त्याच धाटणीच्या तक्त्यावर आपली नजर मोजली जाते. पांढऱ्याशुभ्र पाटीवर काळीकुट्ट अक्षरे, खोलीत पुरेसा उजेड, आणि डोळ्यांवर कोणताही दिवा रोखलेला नाही. रात्रीच्या रस्त्यावर अशी अक्षरे कोणी मांडून ठेवत नाही. तिथे असतो तो करड्या डांबरावर मळकट रंगाचा सदरा घातलेला सायकलस्वार, आणि त्याच्यामागून आपल्या डोळ्यांत घुसणारा प्रकाश. म्हणून ‘तक्ता सगळा वाचला, म्हणजे डोळे ठीक आहेत’ हे रात्री गाडी चालवणाऱ्याने स्वतःला सांगू नये, आणि खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टर मंडळींनीही त्याला इतक्या झटपट सांगू नये.

अंधारात डोळा काम कसा करतो, हे थोडे पाहू. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, दोन तऱ्हेच्या प्रकाशग्राही पेशी असतात. सुमारे ६० लाख शंकूपेशी भर उजेडात रंग आणि बारकावे टिपतात, तर सुमारे १२ कोटी दंडपेशी अंधुक प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. तिन्हीसांजेला अंगणातली लाल जास्वंद आधी काळी पडते आणि तिची पाने मात्र बराच वेळ उजळ दिसत राहतात, ती डोळ्यांतली ही पाळी बदलत असते म्हणून. दंडपेशींतले प्रकाशाला प्रतिसाद देणारे द्रव्य अ जीवनसत्त्वापासून बनते, उजेड पडला की ते विरते, आणि अंधारात पुन्हा पूर्ण साठायला २० ते ३० मिनिटे लागतात. नजरेच्या नेमक्या मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच; गावाकडच्या काळोखात ज्यांनी कधी अरुंधतीची फिकट तारका शोधली असेल, त्यांना ती रोखून पाहण्यापेक्षा किंचित बाजूला नजर ठेवली की अधिक स्पष्ट दिसते, याचा अनुभव असेल.

गाडीच्या दिव्यांच्या उजेडात आपण पुरते अंधारातही नसतो आणि पुरते उजेडातही नसतो. दोन्ही प्रकारच्या पेशी अर्ध्यामुर्ध्या कामाला लागलेल्या असतात, आणि अशा वेळी समोरून प्रखर झोत आला की दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात. एक म्हणजे झोत निघून गेल्यावर डोळे सावरायला वेळ लागतो, आणि तो वेळ वयाबरोबर वाढतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते; सावरायला तीन सेकंद लागले, तर ६६ मीटर रस्ता आपण जवळजवळ न पाहता ओलांडलेला असतो. दुसरी गोष्ट झोत समोर असतानाच घडते. डोळ्याची पुढची पारदर्शक काच, आतले भिंग, त्यामागचा द्रव यांपैकी काहीही थोडेसे गढूळ असेल, तर आत शिरलेला प्रकाश सरळ न जाता विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर उजळ धुक्याचा पडदा ओढतो. धूळ बसलेल्या काचेवर सकाळचे ऊन पडले की काचेपलीकडचे झाड नाहीसे होते, तसे. दिव्याची दिशा आणि आपल्या नजरेची रेषा यांतला कोन दुप्पट झाला, की हे धुके साधारण चौथाईवर येते. रुंद दुभाजक असलेल्या महामार्गापेक्षा तालुक्याच्या एकपदरी रस्त्यावर डोळे जास्त दिपतात ते यामुळे. दुभाजकात ओळीने लावलेली कण्हेर आणि बोगनवेल केवळ शोभेची नसते. पलीकडचा झोत अडवणे हे तिचे मोठे काम आहे, आणि छाटणी करणाऱ्यांनी ती गुडघ्याएवढी ठेवली की ते काम संपते.

वयाचा हिशेबही लक्षात घ्यायला हवा. अंधारात तरुणाची बाहुली सात-आठ मिलिमीटरपर्यंत उघडते; साठीनंतर ती बऱ्याचदा चार-पाचवरच थांबते, आणि भिंगही पिवळट होत गेलेले असते. दोन्ही मिळून साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोचतो. त्यामुळे चाळिशी लागल्यावर चष्मा घेतला आणि विषय संपला, असे होत नाही. काहींना शिवाय अंधारात दूरच्या नंबरात थोडी भर पडते. दिवसा चष्म्यावाचून चालते, पण रात्री पाट्या पुसट दिसतात, आणि रात्रीपुरता वेगळा हलका नंबर दिला की त्यांचे काम होते.

आता दिव्यांच्या आकाराविषयी, कारण निदानाचा अर्धा धागा तिथे असतो. चंद्राला जसे खळे पडते, तसे दिव्याला खळे पडते का? की दिव्यातून चहूकडे सुया फुटल्यासारखे फटकारे निघतात? सुया दिसत असतील आणि पापण्या मिटून उघडल्यावर त्या क्षणभर कमी होत असतील, तर बहुधा डोळ्यांतला ओलावा कमी आहे. दिवसभर पडद्यासमोर बसून रात्री गाडीतला वारा तोंडावर घेणाऱ्यांत हे फार आढळते. सुया नेहमी एकाच तिरक्या दिशेला ताणलेल्या दिसत असतील, तर चष्म्याचा तिरका नंबर तपासावा. एका दिव्याचे दोन दिसत असतील, आणि एक डोळा झाकला तरी दोनच राहत असतील, तर बुबुळाचा आकार किंवा मोतीबिंदू पाहावा लागतो.

दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखे रंगीत कडे दिसते, सोबत डोळ्यात ठणका लागतो, त्याच बाजूचे डोके दुखते आणि मळमळते, अशी तक्रार असेल, तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. पुष्कळ लोक पित्त झाले म्हणून लिंबूपाणी पिऊन झोपतात. त्या रात्री झोपू नये, डोळ्यांची सोय असलेले रुग्णालय गाठावे. डोळ्यातला दाब वेळेत उतरवला नाही, तर गेलेली नजर परत येत नाही.

टेम्पोवाल्या गृहस्थांना मोतीबिंदूच होता, पण आपल्या ओळखीचा, हळूहळू पांढरा होत जाणारा नव्हे. भिंगाच्या मागच्या बाजूला, अगदी मधोमध, साखरेच्या कणाएवढा डाग. प्रखर दिवा पडला की बाहुली आक्रसते आणि पाहण्यासाठी उरलेली बारीक वाट नेमकी त्या डागातून जाते. मधुमेहात आणि स्टेरॉइडच्या दीर्घ वापरानंतर हा प्रकार लवकर होतो. हे गृहस्थ डोळे खाजतात म्हणून औषधाच्या दुकानातून एकाच प्रकारचे थेंब सात वर्षे आणून घालत होते. बाटली आणायला लावली, तर त्यात स्टेरॉइड निघाले. चिठ्ठीवाचून घेतलेल्या अशा थेंबांनी काचबिंदूही होतो, म्हणून त्यांच्या डोळ्यांतला दाबही मोजला. तो सुदैवाने ठीक होता. ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. आता शस्त्रक्रिया केव्हा करायची हे माणसाच्या अडचणीवर ठरते, आणि रात्री गाडी हाकून पोट भरणाऱ्याची अडचण तक्त्याने मोजून चालत नाही.

मधुमेहींच्या दृष्टिपटलावर लेसरचे उपचार झाले असतील, तर नजरेच्या कडा आणि अंधारातले दिसणे काहीसे कमी होते, ही गोष्ट त्यांना आधीच सांगायला हवी. खराखुरा रातांधळेपणा वेगळा. बालपणापासून सांजवेळी ठेचकाळणारा, चित्रपटगृहात शिरल्यावर भिंत चाचपत राहणारा मुलगा असेल, तर दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकाराची शंका घ्यावी; नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत हा विकार अधिक दिसतो. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना सरकारी केंद्रात जो डोस देतात, त्यामुळे पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला आहे. प्रौढ माणसाचे डोळे दिपतात म्हणून त्याला गाजरे खायला सांगणे यात नुकसान नाही, उपयोगही नाही.

पिवळ्या काचांचे ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मे टोलनाक्याजवळ विकायला असतात. २०१९ साली बोस्टनच्या शेपेन्स नेत्रसंशोधन संस्थेतील संशोधकांनी अशा चष्म्यांची चाचणी कृत्रिम वाहनचालन यंत्रावर घेतली, आणि समोरून झोत येत असताना पादचारी ओळखण्यात त्यांचा काही फायदा आढळला नाही. आश्चर्य वाटायला नको. कोणतीही रंगीत काच प्रकाश कमीच करते, आणि आपली तक्रार तर कमी प्रकाशाची आहे. त्या पैशांत नेहमीच्या चष्म्याच्या काचांना चकाकी कमी करणारा लेप घ्यावा. गाडीची पुढची काच आतून पुसावी. तिच्यावर धुराचा नि वाफेचा तेलकट थर साचतो, तो दिवसा दिसत नाही. दुचाकीस्वाराच्या हेल्मेटची ओरखडे पडलेली काच म्हणजे डोळ्यापुढे धरलेला मोतीबिंदूच, आणि ती बदलायला शस्त्रक्रिया लागत नाही.

दोष सगळा डोळ्यांचा नाही, हेही सांगायला हवे. जुन्या मालमोटारींच्या दिव्यांच्या काचेवर वरच्या अर्ध्या भागात काळा रंग दिलेला असे आणि मागे ‘यूज डिपर ॲट नाइट’ लिहिलेले असे. तो रंग गेला, अप्पर-डिप्पर करण्याची रीत विरळ झाली, आणि हॅलोजनसाठी बनवलेल्या खोबणीत निळसर पांढरे एलईडी बल्ब बसवण्याची चाल आली. मग प्रकाश रस्त्यावर न पडता सरळ समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागे माल भरला की गाडीचे नाक वर होते, आणि दिवे खाली करण्याची जी लहान चकती बऱ्याच मोटारींत स्टिअरिंगजवळ असते, तिला हात लावणारा मला क्वचितच भेटतो.

ऊसतोडणीच्या हंगामात कोल्हापूर-सांगली-सातारा भागात रात्री गाडी चालवणाऱ्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. समोरून झोत येतो, आणि त्याच क्षणी आपल्या बाजूला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उभा असतो. मागे दिवा नाही, चकाकणारी पट्टी धुळीने झाकलेली, आणि बाहेर लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांचा रंग रात्रीच्या रंगासारखा. झोत दिसताच वेग आधी कमी करावा आणि नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर न्यावी, असे मी रुग्णांना सांगतो. कोन वाढतो, धुके उतरते. तो पट्टा आणि १९३४ साली इंग्लंडमध्ये पर्सी शॉ यांनी ज्यांचा शोध लावला ते रस्त्यातले चमकते ‘कॅट आय’ जिथे नाहीत, अशा रस्त्यावर दिपणाऱ्या डोळ्यांनी रात्री जाऊ नये.

डॉक्टरांकडे जाल, तेव्हा ‘दिसतं तसं बरं, पण रात्री लाइट लागते’ एवढ्यावर थांबू नका. खळे की सुया, एका डोळ्याने की दोन्ही, केव्हापासून, आणि कोणते थेंब चालू आहेत, हे सांगा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा दिवे पसरू लागले, तर कृत्रिम भिंगामागच्या पापुद्र्यावर जाळी आलेली असते, ती लेसरने पाच-दहा मिनिटांत मोकळी होते. आणि शस्त्रक्रियेपूर्वी भिंग निवडताना रात्री गाडी चालवता हे आवर्जून सांगा, कारण जवळचे-दूरचे दोन्ही दाखवणाऱ्या काही भिंगांत दिव्यांभोवती कडी दिसतात.

आप्पांनी दूरचे दाखवणारे साधे भिंग घेतले. परवा तपासणीला आले, तेव्हा उजव्या डोळ्याशी बॅटरी धरायला त्यांनीच सांगितले, आणि शेवटून दुसरी ओळ तशीच वाचून दाखवली. डावा डोळा अजून वरून तिसऱ्या ओळीवर थांबतो. त्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे, आणि तोवर घाटातली फेरी मुलगा करतो आहे.

नमस्कार.