कुठलं पेन घेऊ हे नंतर, आधी त्यात शाई कशी भरतात ते बघा

नमस्कार मंडळी. जुनी फाउंटन पेनं जमवायला सुरुवात करायचीय असं म्हणणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, कुठल्या कंपनीचं घेऊ? आणि खरं म्हणजे मनात नाव ठरलेलंच असतं, पार्कर, शेफर, वॉटरमन, पेलिकन जे काय असेल ते, माझी फक्त मान डोलवून हवी असते. मी डोलवत नाही. मी उलटं विचारतो, त्यात शाई कशी भरतात? तिथे गाडी अडते, आणि आज मला जे काही सांगायचंय ते बरंचसं ह्या एका प्रश्नाभोवतीच आहे, कारण नाणं डब्यात शंभर वर्षं पडून राहिलं तरी नाणंच राहतं, पण पेनाच्या पोटात रबर असतं, आणि रबर वाळतं, चिकट होतं, दगड होतं. बाहेरून चकाचक आणि आतून बंद पडलेलं, अशी पेनं बाजारात भरपूर फिरतात.

सुरुवातीला भरायची यंत्रणा वगैरे काही नव्हतीच. पेन उघडायचं, ड्रॉपरने सरळ नळीत शाई ओतायची, बंद करायचं. लुईस वॉटरमनचं १८८४ चं पेटंट खूप गाजलेलं आहे, पण ते शाई भरण्याचं नाही, शाई निबपर्यंत बेताने पोचवण्याचं आहे. निबच्या खाली काळी जीभ असते ना, फीड, तिच्यातल्या बारीक खाचांमधून शाई खाली येते आणि तिच्या जागी हवा वर जाते, एवढंच, पण हे जमलं म्हणून फाउंटन पेन रोजच्या वापराचं झालं. मग कंपन्या ड्रॉपरची कटकट घालवायच्या मागे लागल्या. काँकलिनने नळीच्या बाजूला धातूचा अर्धचंद्र बसवला, तो दाबला की आतली रबरी पिशवी दबते आणि सोडला की शाई ओढते. मार्क ट्वेनने ह्या पेनाची जाहिरात केली आणि त्याला त्यातलं काय आवडलं तर तो अर्धचंद्र असल्यामुळे पेन टेबलावरून गडगडत नाही. मग वॉल्टर शेफर नावाच्या आयोवातल्या जवाहिऱ्याने १९०८ मध्ये बाजूच्या खटक्याचं पेटंट घेतलं, तोच लिव्हर फिलर. खटका उचलला की आतली पट्टी पिशवीवर दाबली जाते, खटका बसला की पिशवी फुगते आणि शाई वर येते. पुढची तीसेक वर्षं जगातली निम्मी पेनं असल्या खटक्यावर चालली असावीत असं वाटतं, इतकी ती अजून सापडतात.

ह्या आतल्या पिशवीला सॅक म्हणतात, आणि नवख्या माणसासाठी सॅकवालं पेन सगळ्यात चांगलं. का, तर बिघडलं तरी बिघाड कुठे आहे ते माहीत असतं आणि सॅक आजही नवी मिळते. ह्याउलट पार्करचं व्हॅक्युमॅटिक, १९३३ चं, दिसायला इतकं देखणं की बघताच घ्यावंसं वाटतं, सेल्युलॉइडच्या चकत्या एकावर एक लावून केलेली पट्ट्यापट्ट्यांची नळी, एक पट्टी मोत्यासारखी चमकणारी आणि एक आरपार, त्यातून शाईची पातळी दिसते. पण त्याच्या शेपटाकडे रबरी पडदा असतो, तो बदलायला खास हत्यार लागतं आणि सवयीचा हात लागतो. शेफरचं स्नॉर्कल १९५२ चं, त्यात निबच्या खालून बारीक नळी बाहेर येते आणि फक्त तीच शाईत बुडवायची, निब पुसायची गरज नाही. इंजिनिअरिंग म्हणून कमाल आहे. पहिलं पेन म्हणून अजिबात घेऊ नका, आत रबराच्या इतक्या जागा आहेत की एक नीट केली तर दुसरी गळते. पेलिकनने १९२९ मध्ये पिस्टन आणला, शेपूट फिरवली की शाई वर, सॅकची भानगडच नाही. त्यातही जुन्या पेनांत पिस्टनचं सील बुचाच्या लाकडाचं, ते सुकून आक्रसतं. १९५० च्या पेलिकन ४०० मध्ये सील प्लॅस्टिकचं आहे, तेव्हा पिस्टनच हवा असेल तर तिथून पुढचं बघा.

मग घ्यायचं काय? माझी दोन नावं ठरलेली आहेत आणि दोन्ही ऐकून लोकांचा चेहरा जरा पडतो. एक एस्टरब्रूक जे. साधं, लिव्हरचं, निब स्टीलची. पण त्याची निब फीडसकट आट्याने फिरवून निघते आणि दुसरी बसते, त्यामुळे एकाच पेनात बारीक, जाड, तिरकी अशा निब्स लावून आपल्याला काय आवडतं ते कळतं, आणि हे कळणं सुरुवातीला फार महत्त्वाचं असतं कारण बहुतेकांना ते माहीतच नसतं. निबवर नंबर असतो, नऊने सुरू होणाऱ्या चार आकडी नंबरांच्या टोकाला कठीण धातूचा कण लावलेला असतो, शक्यतो त्या घ्या. दुसरं पार्कर ५१, आणि तेसुद्धा एरोमेट्रिक भरणीचं, म्हणजे १९४८ नंतरचं. बॅरल, म्हणजे पेनाची मागची नळी, उघडलं की आत धातूचं आवरण दिसतं, त्यावर शाई कशी भरायची ते लिहिलेलंच असतं, आणि आतली पारदर्शक पिशवी रबराची नाही, एका प्रकारच्या प्लॅस्टिकची आहे, ती आजही बऱ्याच पेनांत मूळचीच चालू आहे. नुसत्या पाण्याने चार-पाचदा धुतलं की पेन लिहायला लागतं असं पुष्कळदा होतं. लाखोंनी बनलंय, त्यामुळे दुर्मिळ नाही, आणि दुर्मिळ नाही हाच त्याचा गुण आहे, घाई करायची गरज नाही, एक सुटलं तर दुसरं येतं.

५१ मध्ये एक गंमत पण आहे. अमेरिकेत बनलेल्या जुन्या पार्करच्या बॅरलवर कंपनीच्या नावाजवळ एक छोटा आकडा असतो, तो वर्षाचा शेवटचा अंक आणि त्याच्या आजूबाजूचे ठिपके तिमाही सांगतात. आता १ असेल तर १९४१ का १९५१? भरणी बघायची. व्हॅक्युमॅटिक भरणी, मघाशी सांगितलेला तो रबरी पडदा, असेल तर १९४१, एरोमेट्रिक असेल तर १९५१, कारण बदल १९४८ ला झाला. म्हणजे शाई कशी भरते हे माहीत असलं की वय पण सांगता येतं. आणि आकडा एक सांगतोय आणि भरणी दुसरंच, असं दिसलं तर समजायचं दोन पेनांचे भाग जोडून एक केलंय. अशी जोडलेली पेनं लिहायला वाईट नसतात, पण अस्सल म्हणून घ्यायची नाहीत.

आता अंगाबद्दल. जुनी काळी पेनं बहुतेक एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. अंगठ्याने जोरात घासलं की गंधकाचा वास येतो. ऊन लागलं की ह्या रबराचा वरचा थर बदलतो आणि मग पाणी लागलं की तपकिरी, शेवाळी पडतं, काही वेळा एका रात्रीत. म्हणून एबोनाइटचं पेन पाण्यात बुडवून ठेवायचं नाही. निब आणि फीड वेगळे काढून भिजवा, बॉडी नाही. रंगीत पेनं बरीचशी सेल्युलॉइडची, घासल्यावर कापराचा वास. हे जळाऊ आहे, उष्णतेने वाकतं, थिनर किंवा ॲसिटोन लागलं तर संपलंच. तिसरं केसिन, दुधातल्या प्रथिनापासून केलेलं, रंग अप्रतिम असतात पण पाण्यात फुगतं. तेव्हा पेन कशाचं आहे हे कळेपर्यंत भिजवायचं नाही एवढं पाळलं तरी पुष्कळ.

सेल्युलॉइडचं एक लक्षण सांगतो, ते फोटोतसुद्धा पकडता येतं. हलक्या रंगाचं पेन घ्या, समजा शेफरचं जेड हिरवं. टोपण छान हिरवं आणि बॅरल पिवळट-तपकिरी असेल तर उन्हाला दोष देऊ नका, ऊन दोघांनाही सारखंच लागतं. आत रबरी सॅक बॅरलमध्ये असते, तिच्यातून गंधकाचा वायू सुटतो आणि वर्षानुवर्षं तो बॅरलला आतून खातो. हा रंग परत येत नाही. पॉलिश मारून आणला म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. टोपण आणि बॅरल एकाच रंगाचं असलेलं जेड पेन दिसलं तर मात्र नीट बघा, ते खरंच कमी असतं.

हातात पेन आलं की दहापट मोठं दाखवणारं भिंग काढा. आधी टोपणाची कड, गोल फिरवत, दिवा मागे धरून. केसासारखी रेघ दिसली तर ती चीर आहे, आणि ती टोपण घट्ट लावताना रोज वाढते. मग निब. टोकाला धातूचा छोटा गोळा दिसायला हवा, दोन्ही पात्यांना सारखा. एका बाजूला झिजलेला असेल तर आधीच्या मालकाच्या लिहिण्याचा कोन तुम्हाला खरखरणार. निबच्या मधल्या भोकाजवळ पण बघा, लवचिक निब दाबून दाबून तिथे बारीक तडा जातो. निबवर काय कोरलंय ते वाचा, १४ कॅरट किंवा ५८५ म्हणजे सोनं, चौदा कॅरटचं. पेनावर मोठ्या कंपनीचं नाव आणि निबवर नुसतं ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ असं असेल तर ती निब नंतर बसवलेली, आजच्या काळातली. मग बॅरलवरची अक्षरं, ती स्पष्ट असली पाहिजेत. पुसट असतील तर कुणीतरी पॉलिश करता करता नावच घासून टाकलंय, मग चमक कितीही असो.

आणि खटका. पेन जुनं, न उघडलेलं असेल तर खटका ओढायचा नाही. आत सॅक दगड झालेली असते, खटका उचलला की ती दबत नाही, जोर सगळा खटक्याच्या पिनवर येतो आणि पिन किंवा बॅरल तुटतं. हलवून बघा, खुळखुळ वाजलं तर सॅकचे तुकडे झालेत. विकणारा म्हणतो ‘खटका मस्त चालतो’, त्याचा अर्थ तो हलतो एवढाच. विचारायचं असं की सॅक नवी आहे का, शाई भरून लिहून बघितलं का, आणि लिहिलेल्या ओळीचा फोटो पाठवा. ‘रिस्टोअर केलंय’ म्हणणाऱ्याला काय बदललं ते विचारा. नीट केलेलं असेल तर माणूस आनंदाने सांगतो, उलट थांबवावं लागतं.

सॅक बदलणं तसं अवघड नाही, फक्त घाईचं काम नाही. बोटं धरतात तो भाग, सेक्शन, बॅरलमधून बाहेर काढायचा असतो. हेअर ड्रायरची कोरडी ऊब लांबून, फिरवत फिरवत, बोटाला सहन होईल इतकीच, मग हलकेच हलवून बघा, निघत नसेल तर परत ऊब. इथेच सगळी पेनं फुटतात. एखादं पाच मिनिटांत निघतं, एखाद्याला आठवडा लावावा लागतो, लावा. आतली वाळलेली सॅक खरवडून काढा, सेक्शनच्या नळीवर शेलॅकचं, म्हणजे लाखेच्या चिकट द्रावणाचं, पातळ बोट फिरवा, नवी सॅक योग्य मापाची आणि लांबीची कापून चढवा, एस्टरब्रूक जे ला सोळा नंबरची लागते, रात्रभर वाळू द्या, वरून टाल्कम पावडर, मग बसवा. सुपरग्लू लावू नका. शेलॅक ऊब दिली की सुटतं, म्हणजे तीस वर्षांनी जो कोणी हे पेन उघडेल त्याला उघडता येईल. सुपरग्लूने त्याचा रस्ता बंद होतो.

शाईचं थोडक्यात. साधी फाउंटन पेनची शाई, फिकी निळी असेल तर उत्तम, गडद आणि चमचम टाकलेल्या शाया नव्या पेनांना ठेवा. ड्रॉइंगची शाई, इंडियन इंक, अजिबात नाही, ती फीडमध्ये वाळली की पुन्हा विरघळत नाही. वापरत नसाल तर धुवून, सुकवून ठेवा. सेल्युलॉइडची पेनं हवाबंद डब्यात नको, हवा खेळती हवी, आणि एखादं चिकट किंवा भुगा पडायला लागलं तर लगेच बाकीच्यांपासून वेगळं.

आता प्रश्न. मागून कोणीतरी विचारलं लवचिक निबचं, जी दाबली की जाड रेघ देते. आवडतं सगळ्यांना, मलाही. पण पहिली दोन-तीन पेनं साधी घ्या, कारण व्हिडिओत दिसते तितकी रेघ काढायला गेलात तर पाती फाकून बसतात आणि सोन्याची फाकलेली निब सरळ करणारी माणसं थोडी आहेत. दुसरं ह्या बाईंनी विचारलं की एकाच कंपनीची जमवू का सगळीच. मला विचाराल तर एकच भरणीची पद्धत धरा, समजा सगळी लिव्हरची, वेगवेगळ्या कंपन्यांची. हत्यारं तीच लागतात, हाताला सवय तीच होते, आणि शेफरचं पेटंट सोडून लिव्हर बसवायला बाकीच्यांनी काय काय युक्त्या केल्या ते समोर ठेवून बघायला मिळतं, वॉटरमनने खटक्याला वेगळी चौकट दिली ती का, वगैरे. पण एखादं सुंदर व्हॅक्युमॅटिक समोर आलं तर हा सल्ला कोण पाळतंय.

ट्रेमध्ये पेनं ठेवली आहेत, सगळी लिहिणारी आहेत, त्या दोन काळ्या पेनांवर मुद्दाम चिठ्ठी लावलीय, त्यांची सॅक अजून बदलायचीय, ती फक्त बघा. भिंगं कमी आहेत, आळीपाळीने घ्या.