ताप उतरल्यानंतरचा आठवडा

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीला चाकरमानी गावी येतात, आणि त्यांच्याबरोबर रेल्वेच्या डब्यातून सर्दी-खोकलाही येतो. आरत्या, भजनं, घरभर माणसं. विसर्जन होईस्तोवर निम्मी वाडी खोकत असते. अशाच दिवसांत काही वर्षांपूर्वी देवगडकडचे एक खलाशी माझ्याकडे आले. वय पन्नाशीचं. म्हणाले, "डॉक्टरानू, ताप उतारलो, पण छातीत आवळल्यासारख्या वाटता. गॅस झालो आसतलो." घरी ओवा झाला होता, सोडा झाला होता. ईसीजी काढला, तर हार्ट अटॅक.

ताप आणि अटॅक एकापाठोपाठ आले की आम्ही डॉक्टरही तो योगायोग समजायचो. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा फ्लू प्रयोगशाळेत पक्का ठरला होता, त्यांच्यात फ्लूनंतरच्या पहिल्या सात दिवसांत अटॅकचं प्रमाण त्याच माणसांच्या एरवीच्या काळापेक्षा सहापट निघालं.

असं का होतं? रक्तवाहिनी म्हटलं की आपल्याला गंज चढलेला नळ आठवतो. ते चित्र विसरा. चरबी नळीच्या आतून चिकटत नाही, ती अस्तराखाली, भिंतीत शिरते. पांढऱ्या पेशी तिला गिळायला जातात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच अडकतात. वर्षानुवर्षं तिथे गळवासारखं काहीतरी धरतं, वर पातळ पापुद्रा. त्याचा त्रास काहीच नसतो. मग विषाणू येतो. त्याच्याशी लढताना सगळ्या शरीरात दाह पेटतो, आणि हे गळूही चिडतं. पापुद्रा फाटला की रक्ताला वाटतं जखम झाली, आणि ते तिथे गोठतं. त्यात तापाच्या दर अंशाला नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढलेली, घाम जाऊन अंग कोरडं पडलेलं. नळी बंद व्हायला आणखी काय हवं?

विषाणू नुसता चिडवतो की मुळात गळूही तोच धरवतो, हा प्रश्न जुना आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कॅथरिन फॅब्रिकंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांना मारेक नावाच्या रोगाच्या विषाणूची लागण केली. साधं खाणं असलेल्या लागण झालेल्या कोंबड्यांच्याही रक्तवाहिन्यांत माणसासारखे विकार दिसले. पुढे लस दिलेल्या कोंबड्या त्यातून वाचल्या. आता कोंबडी-वडे खाताना घाबरू नका, हा विषाणू माणसाला बाधत नाही. माणसाच्या बाबतीत कोलेस्टेरॉल, तंबाखू, रक्तदाब आणि मधुमेह हेच आजही मुख्य आरोपी आहेत.

खाण्याचा आणि विषाणूचा संबंध मला सर्वांत लख्ख दिसला तो चीनच्या केशान परगण्यात. १९३५ च्या सुमारास तिथे मुलं आणि तरुण बायका हृदयाचा स्नायू निकामी होऊन मरत होत्या. (हा रक्तवाहिनीचा रोग नव्हे, स्नायूचा.) तिथल्या मातीत, म्हणून धान्यातही, सेलेनियम हे खनिज फारच कमी होतं. पण तेवढ्याने सगळं उलगडेना, कारण रोग ऋतूप्रमाणे कमी-जास्त व्हायचा. पुढे कॉक्सॅकी नावाच्या विषाणूवर संशय गेला. उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की सेलेनियम नसलेल्या शरीरातून गेलेला निरुपद्रवी विषाणू स्वतःच बदलतो, आणि नंतर धडधाकट उंदराच्या हृदयालाही इजा करतो. उपाशी शरीर शत्रूलाच धार लावून देतं! आपल्याला समुद्राच्या मासळीतून सेलेनियम मिळतं, तेव्हा त्याच्या गोळ्या शोधत फिरू नका.

मासळीचंच घ्या. पाहुणे आले की सुरमई, पापलेट. आणि तारली-बांगडा म्हणजे गरिबाचं कालवण, अशी आपली समजूत. हृदयाला हवी ती ओमेगा-३ चरबी या तेलकट तारली-बांगड्यांत भरपूर असते. तिरफळं घालून केलेलं बांगड्याचं तिखलं मला कुठल्याही कॅप्सूलपेक्षा बरं वाटतं. खारं मात्र जपून. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, मग सुकं-खारं, पापड, लोणचं असं रोज ताटात येतं. दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. ती न्याहारीबरोबरच्या लोणच्यापासूनच संपू लागते. वाटपातला ओला नारळ बेताने चालेल, पण खोबरेल तेलाने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, हे मी कोकणात राहूनही सांगणार.

तापात तोंडाला चव नसली तरी उकड्या तांदळाची पेज घ्या, पाणी पीत राहा. पण पेजेने अटॅक टळेल असं समजू नका. हृदयविकार असलेल्यांना फ्लूच्या लशीचा उपयोग होतो: अटॅकनंतर लगेच लस दिलेल्या रुग्णांत वर्षभरातले मृत्यू कमी झाले, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. आणखी एक. आपल्याकडे पावसातला ताप डेंग्यूचाही असतो, म्हणून अंगदुखीवर मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. हृदयासाठी ती रोज चालू असेल, तर मनाने बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा.

ताप उतरल्यावर छाती आवळली, घाम सुटला, कळ जबड्यात किंवा डाव्या हातात गेली, तर ओवा शोधू नका, १०८ ला फोन करा.

ते खलाशी आता दर मे महिन्यात, होडी वर ओढून झापांनी शाकारली की लस घ्यायला येतात. तंबाखू सुटली म्हणतात. खिसा मी तपासत नाही.