हंगामाआधी जुनी गाडी काढताना

नमस्कार मंडळी. दसरा तोंडावर आलाय, साखर कारखान्यांवर बॉयलर पेटवायची तयारी चाललीय आणि आमच्या भागात चिंचेखाली नाहीतर पत्र्याच्या शेडात जूनपासून उभ्या असलेल्या उसाच्या जुन्या ट्रक गाड्या आता आठ-पंधरा दिवसांत बाहेर निघतील. आज त्याच गाड्यांबद्दल बोलायचंय. आमची गाडी टाटा १२१०, आम्ही सगळे तिला बारा-दहाच म्हणतो, १९९१ चं मॉडेल आहे, अण्णांनी घेतली आणि आता मी चालवतो, म्हणजे ऊसही ओढतो आणि हंगाम संपला की वीट, वाळू, शेणखत मिळेल ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या आकड्यांना अर्थ असतो. १२१० मधला १२ म्हणजे भरलेल्या गाडीचं साधारण एकूण वजन टनात आणि १० म्हणजे हॉर्सपॉवरचा दहावा भाग, म्हणजे शंभरच्या आसपास. ४०७, १६१३ हे पण तसंच. टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली, १९६९ ला करार संपला आणि गाडीच्या तोंडावरचा मर्सिडीजचा तारा जाऊन तिथं टाटाचा टी आला, पण इंजिनचा पिंड तोच राहिला. आमचं ६९७ इंजिन म्हणजे ६ सिलिंडर आणि बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ९७ मिलिमीटर, नावातच सगळं सांगितलंय. म्हातारे ड्रायव्हर अजून या गाडीला मर्सिडीज म्हणतात ते उगाच नाही.

या गाडीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, त्यामुळं ती काय दुखतंय ते आवाजातून, धुरातून, वासातून सांगते आणि आपण ऐकायला पाहिजे. पण माझं खरं म्हणणं आज एकच आहे. एखादा पार्ट गेला तर तो बदलायच्या आधी तो का गेला ते शोधा. हे मला एका कुंभारमाशीनं शिकवलं.

झालं असं की मागं एका हंगामात मागच्या डाव्या चाकाचं ऑइल सील गेलं. हाऊसिंगचं, म्हणजे मागच्या एक्सलच्या पोकळ खोक्यातलं, ऑइल हबमधून ब्रेक ड्रममध्ये उतरलं, ब्रेकचे लायनर भिजले, ब्रेक मारला की गाडी उजवीकडं ओढायची. एका गॅरेजला सील बदललं, लायनर नवे टाकले. बारा-तेरा दिवसांत परत तेच. परत सील, परत लायनर. तिसऱ्यांदा गेलं तेव्हा टोळी फडात बसून, ऊस तुटून पडलेला, उन्हानं वजन घटतंय, मुकादमाचे फोनवर फोन, आणि माझ्या डोक्यात एकच की सील डुप्लिकेट मिळतंय. शेवटी आमचे जुने मेस्त्री, ज्यांनी आता काम जवळपास सोडलंय, त्यांना घेऊन आलो. त्यांनी चाकाकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ गाडीखाली गेले, हाऊसिंगच्या वर जो छोटा ब्रीदर असतो ना, हवा बाहेर जायची वाट, तिथं बोट फिरवलं आणि मला मातीचा एक गोळा दाखवला. कुंभारमाशीचं घर. गाडी पावसाळाभर उभी होती, माशीनं भोक बघितलं आणि माती लिंपून बंद केलं. गाडी चालली की हाऊसिंगमधलं ऑइल तापतं, आतली हवा फुगते, तिला वर वाट नाही मग ती ऑइलला ढकलत सीलमधून बाहेर काढणारच. खिळ्यानं माती काढली, ब्रीदर डिझेलनं धुतला, सील तिसऱ्यांदा बदललं आणि ते आजपर्यंत टिकलंय. तीन सीलं, तीन लायनर सेट आणि भरलेल्या गाडीचा अर्धा ब्रेक एवढी त्या मातीच्या गोळ्याची किंमत होती मंडळी.

म्हणून गाडी शेडातून काढताना मी पहिल्यांदा भोकं बघतो. हाऊसिंगचा ब्रीदर, गिअरबॉक्सचा ब्रीदर, डिझेल टाकीच्या झाकणाचं भोक, एअर क्लीनरचं तोंड. उंदीर वायरी कुरतडतात ते सगळ्यांना माहिती असतं पण माशीचं कुणी बघत नाही.

मग डिझेल टाकी. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आत दव धरतो, पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं. खालचा प्लग सैल करून तळातलं एखादं लिटर बाटलीत काढा आणि उजेडात धरून बघा, पाणी असलं तर खाली वेगळं दिसतंच. तेच पाणी मायको पंपात, म्हणजे इंजिनला डिझेल मारणाऱ्या पंपात, गेलं तर पंप आणि नोझल दोन्ही खातं, आणि पंप दुरुस्तीला बेंचवर लावायचा खर्च काय असतो ते ज्यानं केलाय त्याला विचारा. फिल्टर नवे टाका. फिल्टर बदलले की लाइनीत हवा राहते, तेव्हा फिल्टरवरचा एअरचा बोल्ट सैल करायचा, हात पंप मारत राहायचं, फेस येतो, बुडबुडे येतात, ते थांबून सलग धार लागली की बोल्ट आवळायचा. हे न करता नुसता सेल्फ मारत बसलात तर बॅटरी उतरेल, गाडी काय चालू व्हायची नाही.

रेडिएटरबद्दल थोडं जास्त बोलतो कारण उसाच्या गाड्या इथंच मरतात. फडातलं पाचट, धूळ, त्यात इंजिनचं उडालेलं ऑइल, याचं रेडिएटरच्या जाळीवर अक्षरशः घोंगडं तयार होतं. समोरून बघितलं तर स्वच्छ दिसतं पण फॅनच्या बाजूनं टॉर्च लावून बघा. पाणी मारायचं ते पण फॅनच्या बाजूनं पुढं, म्हणजे घाण आली त्या वाटेनं परत जाते. आणि आत बोअरचं पाणी घालू नका हो, आमच्या भागात बोअरच्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला पांढरं किटण धरतं, तेच इंजिनच्या आत धरतं. कूलंट घाला. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची पण पद्धत आहे आपल्याकडं, मला ती अजिबात पटत नाही, त्यानं इंजिन नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त खातं आणि रिंगा झिजतात. गाडी तापून हेड गॅसकेट गेलंच तर हेडवर सरळ स्टीलची पट्टी ठेवून खालून उजेड दिसतो का बघायला लावा. उजेड दिसला तर हेड वाकलंय, सरफेस मारल्याशिवाय कितीही गॅसकेट घाला उपयोग नाही. आम्ही असली मशीनिंगची कामं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात करून आणतो, तिथं या इंजिनांवर हात बसलेली माणसं अजून आहेत. आणि हेड बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत, टॉर्क पान्यानंच आवळायचे, अंदाजानं नाही.

एअर क्लीनर जुन्या गाडीला ऑइलचा असतो, त्यात खालच्या वाटीत चिखल साठतो. डिझेलनं धुवा, नवं ऑइल खुणेपर्यंतच घाला, जास्त घातलं तर इंजिन ते ओढून घेतं.

ग्रीस. शॅकल पिन, किंगपिन, शाफ्टचे क्रॉस, जिथं जिथं निप्पल आहे तिथं जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा, एखादं निप्पल ग्रीस घेत नसेल तर सोडून पुढं जाऊ नका, ते खोलून बघा, कारण झीज तिथंच चाललेली असते.

आता दोन गोष्टी जिवाच्या. नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली जाऊ नका. लाकडाचे ठोकळे लावा, दुसऱ्या चाकांना दगड लावा, जॅकचं सील कधी दगा देईल ते कळत नाही. आणि ९.०० x २० च्या ट्यूबच्या टायरला जी लॉक रिंग असते, टायर डिस्कवर अडकवून धरणारी लोखंडी कडी, ती हवा भरताना सुटली तर माणूस जागेवर जातो. रिंग गंजलेली, वाकलेली असेल तर ती भंगारात घाला, हवा भरताना डिस्कमधून साखळी ओवून घ्या आणि चाकाच्या समोर कुणी उभं राहू नका, क्लीनर पोराला तर अजिबात उभं करू नका. तो कुणाचा तरी मुलगा आहे, आपल्या भरवशावर पाठवलेला.

एवढं झालं की गाडी चालू करायची. लगेच नाही. इंजिन बंद करायचा स्टॉपर ओढून धरा आणि थोडा थोडा सेल्फ मारा म्हणजे चार महिने खाली बसलेलं ऑइल वर चढतं, मग स्टॉपर सोडून चालू करा आणि रेस करू नका. ब्रेकच्या हवेचा काटा सात-आठ किलोच्या आसपास आला की इंजिन बंद करून काट्याकडं बघत बसा, भराभर उतरत असेल तर कुठंतरी सूं असा आवाज येतोय तो शोधा, साबणाचं पाणी लावलं की सापडतो. एअर टाक्यांतलं पाणी सोडा, हे रोज सकाळी. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर लायनर ड्रमला चिकटलेले असतात, गिअर टाकून हिसकू नका, ड्रमवर हलके ठोके मारून सोडवा. ब्रेक आधी मोकळ्या रानात हळू चालवून बघायचा, मग रस्ता. आणि आरटीओचं पासिंग, ८ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी लागतं, त्याच्या आदल्या दिवशी रंग मारून उपयोग नाही, मागचे दिवे आणि रेडियम आत्ताच लावा. रात्री अंधारात उभी असलेली उसाची गाडी न दिसल्यानं किती घरं बसलीत ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

पहिली खेप अर्धीच भरा. वीसेक किलोमीटरवर थांबा, खाली उतरून प्रत्येक हबजवळ हाताची उलटी बाजू न्या. एखादा हब बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर तिथं बेअरिंग घट्ट आहे नाहीतर ब्रेक धरून राहिलाय. कारखान्यावर खाली करून आलात की यू बोल्ट आणि चाकाचे नट परत आवळा, कारण पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वजनाखाली बसतात आणि त्यांना एक्सलवर धरणारे यू बोल्ट सैल पडतात, मग सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालायला लागते. तेवढं करून मग मुकादमाला फोन लावा, गाडी तयार आहे म्हणून.

नमस्कार.