दोन वर्तुळं आणि एक दिशाकोन

(पडद्यावर जगाचा कोरा नकाशा. त्यावर एकच ठिपका: माद्रिद.)

कोडं एवढंच आहे. माद्रिदपासून ५,७७० किलोमीटर. आइसलंडची राजधानी रिक्याविकपासून ४,२०० किलोमीटर. माद्रिदहून निघताना दिशाकोन २९५ अंश. शहर ओळखा. अंतरं शहरांच्या मध्यापासून मोजलेली आहेत आणि पृथ्वी पूर्ण गोल धरली आहे.

बहुतेक जण आधी दिशाकोनाला हात घालतात. साहजिकच आहे, दिशा म्हटली की रस्ता सापडल्यासारखं वाटतं. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे २९५ अंश मोजायचे, सपाट नकाशावर सरळ रेघ ओढायची आणि तिच्यावर ५,७७० किलोमीटर मोजायचे.

(रेघ वायव्येकडे सरकत जाते.)

आपण पोहोचतो कॅनडातल्या हडसन उपसागराच्या उत्तर भागात. तिथं शहर नाही, नुसतं थंडगार पाणी आहे.

मोजणीत काही चुकलेलं नाही. फसवलं ते नकाशाने. आपल्या ओळखीचा हा नकाशा मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली नाविकांसाठी तयार केला. त्याच्यावरची सरळ रेघ म्हणजे होकायंत्राचा एकच कोन शेवटपर्यंत धरून केलेला प्रवास. सर्वांत जवळचा मार्ग मात्र वेगळा असतो. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला की तो दिसतो, आणि त्या मार्गावर दिशाकोन सतत बदलत राहतो. म्हणून कोड्यातला २९५ हा फक्त निघतानाचा कोन आहे. पुढे काय होतं, ते तो सांगत नाही.

आता अंतरांकडे वळू. अंतर कळलं म्हणून जागा कळत नाही, वर्तुळ कळतं. माद्रिदभोवतीचं वर्तुळ आफ्रिका, आशिया आणि अमेरिका अशा तिन्हींवरून फिरून येतं. रिक्याविकभोवतीचं दुसरं वर्तुळ त्याला दोन ठिकाणी छेदतं. एक छेद सायबेरियात, आर्क्टिक वृत्ताच्या जरा वर. दुसरा न्यूयॉर्कवर.

गणिताला दोन्ही छेद सारखेच मान्य आहेत. निवाडा करायला आता दिशाकोन लागतो. सायबेरियातला बिंदू माद्रिदहून साधारण २९ अंशांवर, म्हणजे ईशान्येला आहे. न्यूयॉर्कचा दिशाकोन बरोबर २९५ येतो. माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, नकाशात न्यूयॉर्क थेट पश्चिमेला दिसतं, तरीही जवळचा मार्ग निघताना पंचवीस अंश उत्तरेकडे झुकतो. अक्षांश धरून गेलं तर सुमारे १७० किलोमीटर जास्तीचे पडतात. हे पहिल्यांदा पडताळून पाहिलं की पृथ्वी गोल आहे म्हणजे काय, ते खऱ्या अर्थाने अंगात मुरतं.

मग उत्तर पक्कं समजायचं का? थोडं थांबा. प्रत्येक आकड्याला जाडी असते. दिशाकोनात एका अंशाची चूक झाली, तर इतक्या लांब ती ८७ किलोमीटरची होते. अंतरं जवळच्या दहाच्या पटीत दिली आहेत, म्हणजे वर्तुळाची रेघ दहा किलोमीटर जाड. शिवाय ही दोन वर्तुळं न्यूयॉर्कजवळ एकमेकांना जेमतेम ३१ अंशांनी छेदतात. त्यामुळे छेद बिंदूसारखा येत नाही, सुमारे ३७ किलोमीटर लांबीचा निमुळता पट्टा मिळतो. काटकोनाच्या जवळ छेदणारी वर्तुळं मिळाली, तर ती नेहमी आधी घ्यावीत.

तिसरं अंतर दक्षिणेकडून घेतलं तर पट्टा आखडतो. कोलंबियाची राजधानी बोगोटा न्यूयॉर्कच्या जवळपास सरळ दक्षिणेला आहे. गोल पृथ्वीवर हे अंतर ४,००३ किलोमीटर येतं. ध्रुवांपाशी चपट्या असलेल्या खऱ्या पृथ्वीवर ३,९८८. पंधरा किलोमीटरचा हा फरक कुणाच्या हातून झालेला नसतो, तो पृथ्वीच्या आकाराचा असतो. म्हणून कोडं रचणाऱ्याने पृथ्वी कशी धरली, हे आधी विचारून घ्यायचं.

पडताळणी उलट बाजूनेही होते. न्यूयॉर्कहून माद्रिदचा दिशाकोन मोजा. २९५ मधून १८० वजा केले की ११५, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात येतो ६६. उत्तर बरोबर असेल तर ६६ च आला पाहिजे.

(पडदा बदलतो. पाण्यापलीकडे शहर, तीन उंच मनोरे.)

शहर मिळालं. आता हा फोटो नेमका कुठून काढला? इथं अंतरं ठाऊक नसतात, पण मनोऱ्यांमधले कोन फोटोवरून काढता येतात. डावा आणि मधला मनोरा ठरावीक कोनात दिसतो, याचा अर्थ कॅमेरा एका ठरावीक वर्तुळावर आहे. मधला आणि उजवा मनोरा दुसरं वर्तुळ देतात. दोन्ही वर्तुळं मधल्या मनोऱ्यापाशी भेटतात, आणि आणखी एकाच ठिकाणी. तिथंच कॅमेरा.

स्नेलियस या डच गणितज्ञाने १६१७ साली छापलेल्या ग्रंथात हीच रीत मांडली. लायडन शहरातल्या चर्चच्या मनोऱ्यांवर नेम धरून त्याने स्वतःच्या घराची जागा ठरवली होती.

एकच अडचण येऊ शकते. तिन्ही मनोरे आणि कॅमेरा एकाच वर्तुळावर असतील, तर दोन्ही वर्तुळं एकमेकांवर तंतोतंत बसतात आणि उत्तर निघत नाही. अशा वेळी फोटोत चौथी खूण शोधायची: एखादा पूल, धक्का, दीपगृह.