घोरणं थांबतं तेव्हा

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'भूल आणि श्वास', पण मी सुरुवात घोरण्यापासून करणार. कुणाकुणाच्या घरी घोरतात? बघा, हात सगळे बायकांचेच वर आले. घोरणाऱ्याला कुठे ठाऊक असतं!

माझं बालपण आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. रात्रपाळी कामगारांवर सोपवून वडील शेजारच्याच खोलीत बिनघोर झोपायचे. माग बंद पडला, की मात्र ताडकन उठून बसायचे. भूलतज्ज्ञाचा कान नेमका तसाच असतो.

काही वर्षांपूर्वी हर्नियाचा एक पेशंट होता. चादरींचा व्यापारी, मान आखूड, जाड. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला आणि फार घाबरला होता म्हणून थोडं गुंगीचं औषध दिलं. पाचव्या मिनिटाला थिएटर दणाणलं. सर्जन म्हणाले, "काय गाढ झोपलाय!" सिस्टर हसल्या. माझा जीव मात्र टांगणीला. औषधानं घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळू मागे सरकतात, उरलेल्या फटीतून हवा घासत जाते, त्याचा तो आवाज. आवाज आहे तोवर निदान हवा तरी जातेय. आणि मग एकदम शांत. पोट वर येतंय, छाती आत ओढली जातेय, पण नाकाशी धरलेल्या तळहाताला वारा लागेना. ऑक्सिमीटरची टींटीं खालच्या सुरात उतरायला लागली, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन घटायला लागला. जबड्याच्या दोन्ही कोनांमागे बोटं घालून जबडा पुढे उचलला, तेव्हा घर्रर्र करून श्वास आला. पुढचा अर्धा तास मी तसाच उभा; बोटं आखडून गेली.

बाहेर त्याच्या बायकोला म्हटलं, "काल विचारलं होतं ना, घोरतात का?" पदर सावरत म्हणाल्या, "पाहुणे बसले होते हो डॉक्टर, चारचौघांत कसं सांगायचं? रात्री श्वासच थांबतो त्यांचा. मी हलवून उठवते." म्हणजे माझं काम ही बाई घरी रोज रात्री करत होती आणि मला पत्ताच नाही! घोरणं लपवायची ही जी आपली रीत आहे ना, तिचा मला आजही संताप येतो.

आपल्या शेजारी, हैदराबादला, १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या आश्रयानं क्लोरोफॉर्म आयोग बसला; क्लोरोफॉर्म हे तेव्हाचं भुलीचं औषध, ते कितपत सुरक्षित हे तपासायला. सर्जन एडवर्ड लॉरी यांचा हट्ट एकच: नाडी धरून बसू नका, श्वास बघा. क्लोरोफॉर्म थेट हृदयही बंद पाडतं, हे पुढे सिद्ध झालं. तिथे ते चुकले. पण श्वास बघा, हे त्यांचं म्हणणं मी रोज पाळतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. मूळ विषय भरभर सांगतो. पूर्ण भुलीत स्नायू शिथिल करणारं औषध दिलं, की पेशंटचा श्वास आम्हीच चालवतो. श्वासनलिकेत नळी, तिला मशीन आणि दर श्वासागणिक बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ. तेव्हा घोरण्याचा प्रश्नच नाही. घोरणाऱ्याला धोका असतो तो नळी काढल्यावर आणि नंतर वॉर्डात, मॉर्फिनसारख्या औषधाच्या गुंगीत. अशा वेळी, डॉक्टरांची हरकत नसेल तर, डोकं उंच ठेवा किंवा कुशीवर वळवा. आवाज अडखळत थांबला तर 'झोपू दे बिचाऱ्याला' म्हणू नका, सिस्टरना हाक मारा. रात्री सीपॅप, म्हणजे झोपेत हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं मशीन, लावत असाल तर ते दवाखान्यात सोबत आणा. आणि भुलीच्या तपासणीला येताना शेजारी झोपणारं माणूस घेऊन या.

बोला काकू, तुमचा हात मघापासून वर आहे.