आधी पगारपत्रक, मग पाया: दक्षिण सुदानात परतून शाळा काढताना

मित्रहो, 1983 ते 2005 या काळातल्या युद्धात दक्षिण सुदानातली सुमारे 20,000 मुले घरादाराला पारखी होऊन इथिओपियाकडे चालत गेली. 1991 मध्ये तिथली राजवट कोसळली आणि ही मुले पुन्हा रस्त्यावर आली. मग केनियातली काकुमा ही निर्वासितांची छावणी आणि पुढे त्यांच्यातल्या साधारण 3,800 जणांचे अमेरिकेत पुनर्वसन. 2005 च्या शांतता करारानंतर त्यांच्यातले कित्येक जण पैसे गोळा करून आपापल्या गावी परतले आणि शाळा काढू लागले. या माणसांबद्दल मनात नितांत आदर आहे, म्हणूनच स्पष्ट बोलतो. परतणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा इमारत येते. पण इमारतीला पैसा एकदाच लागतो, शिक्षकाला दर महिन्याला.

तेव्हा हिशेब पगारापासून मांडा. हातात जेवढी रक्कम असेल, तिच्यातून निदान तीन वर्षांचे मानधन आधी बाजूला काढा आणि उरेल त्यात बांधकाम बसवा. मानधन स्थानिक पाउंडात ठरवून मोकळे होऊ नका. 2015 च्या डिसेंबरात सरकारने चलनाचा दर खुला केला, तेव्हा अधिकृत बाजारात तीन पाउंडांच्या आत मिळणारा डॉलर एकदम अठरा पाउंडांच्या वर गेला. ज्यांचा पगार पाउंडात ठरलेला होता, त्यांच्या घरातली चूल त्यावर चालणे शक्यच नव्हते. म्हणून रक्कम डॉलरच्या दराशी बांधा, किंवा काही भाग ज्वारीच्या पोत्यांत द्या. तिथेही ज्वारी हेच रोजचे अन्न आहे. मात्र शेजारच्या शाळेपेक्षा फार जास्त देऊ नका. तसे केले तर तिथले शिक्षक तुमच्याकडे येतात, ती शाळा ओस पडते, आणि तुमची देणगी आटली की हेच शिक्षक एखाद्या मदतसंस्थेत नोंदी घ्यायच्या कामावर निघून जातात. पगार शाळा समितीच्या हातून, सर्वांसमक्ष, सही किंवा अंगठा घेऊन वाटावा. पावसाळ्यात वाटा बंद होतात, रोकड पोचत नाही. त्या महिन्यांची तजवीज एप्रिलच्या आतच झाली पाहिजे.

जमिनीचे थोडक्यात सांगतो. 2009 च्या भूमी कायद्याने तिथे सामूहिक जमिनीला मान्यता दिली आहे. तरी गावप्रमुख, पायामचा म्हणजे काउंटीच्या खालच्या विभागाचा प्रशासक आणि काउंटीचा म्हणजे तालुक्यासारख्या विभागाचा शिक्षणाधिकारी, या तिघांच्या सह्यांचे पत्र घ्या. जागा दोन कुळांना सारखीच सोयीची हवी. नाहीतर भांडण पेटले की एका बाजूची मुले येणे बंद होते. आणि कुदळ मारण्याआधी सुरुंग हटवणाऱ्या पथकाकडून जागा तपासून घ्या. यात अजिबात घाई नको.

आता माती. जोंगलेई, युनिटी या भागांत विदर्भासारखीच काळी, कापसाची माती आहे. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर उथळ पायाची विटांची भिंत उभी केली, की दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. काळी माती निदान दीड मीटर काढा, 15 सेंटीमीटरच्या थरांत मुरूम भरा, प्रत्येक थर पाणी मारून ठोकून घट्ट करा आणि जोत्यावर सळईकाँक्रीटचा पट्टा घाला. एवढे झेपत नसेल, तर लोखंडी खांब, पत्रा आणि कंबरेएवढी मातीची भिंत करा. ती गावालाच दुरुस्त करता येते. लाकडी वासे टाळा, वाळवी सोडत नाही. पत्रा नुसत्या खिळ्यांनी ठोकू नका, जे-हुकने म्हणजे J आकाराच्या आकड्यांनी आवळा. सिमेंट बहुतेक युगांडातून सीमेवरच्या निमुले गावामार्गे येते. ते मार्चअखेर जागेवर पोचले नाही, तर ट्रक चिखलात रुततो आणि पोती वाटेतच दगड होतात.

पाण्यासाठी तिथे इंडिया मार्क टू हापसा सर्रास दिसतो. हा मूळ आपल्या सोलापुरी पंपाच्या वळणाचा. मुलामागे रोज तीन लिटर धरले, तर 600 मुलांना 1800 लिटर लागतात; एका हापशाचे हे जवळपास दोन तासांचे अखंड काम, आणि त्यावर गावही पाणी भरते. बिघडतो तो बहुधा सिलिंडरमधल्या वॉशरमुळे. वॉशर स्वस्त आहे, पण तो बदलायला तीन-तीन मीटरचे सगळे पाईप वर ओढावे लागतात. 45 मीटर खोलीला पंधरा. तिकाटणे म्हणजे तीन पायांची घोडी, पाईप पकडायचे क्लॅम्प आणि हे काम शिकलेले गावातले चार जण नसतील, तर तेवढ्याशा वॉशरसाठी हापसा वर्षभर बंद पडून राहतो. शौचालये 30 मुलींमागे एक, 60 मुलांमागे एक, मुलींची वेगळी आणि आतून कडी लागणारी.

मुलांच्या बाबतीत सर्वांत मोठा अन्याय वर्ग ठरवताना होतो. एप्रिल 2023 पासून शेजारच्या सुदानातल्या नव्या युद्धामुळे सीमेजवळच्या रेंक गावामार्गे कितीतरी कुटुंबे दक्षिण सुदानात परतली. त्यांची मुले अरबीत शिकलेली, दक्षिण सुदानातल्या शाळांचे माध्यम इंग्रजी. म्हणून सहावीतल्या मुलीला पहिलीत बसवतात आणि ती थोड्याच दिवसांत शाळा सोडते. तिची गणिताची चाचणी आकड्यांतच घ्या, त्यावरून वर्ग ठरवा आणि इंग्रजीसाठी रोज वेगळा तास ठेवा. वय उलटलेल्यांना आठ वर्षांचे प्राथमिक शिक्षण चार वर्षांत देणारा वेगवान अभ्यासक्रम आहे, त्याचा लाभ द्या. शाळा फेब्रुवारीत सुरू होते, पण गुरे चारणारी मुले तेव्हा पाणथळ कुरणांच्या तळावर असतात. ती मेमध्ये परतली तरी पटावर त्यांचे नाव असू द्या.

त्या पटाचे महिन्याच्या महिन्याला फोटो काढून एक प्रत गावाबाहेर, काउंटीच्या ठिकाणी ठेवा. गोळीबार झाला की पत्रे, दारे आणि कागद आधी जातात. आठवीच्या परीक्षेला नाव नोंदवताना शाळेकडे नोंदी मागतात. नोंदी नसतील तर आठ वर्षे शिकलेल्या मुलाला त्या वर्षी परीक्षेला बसता येत नाही.